स्कूटर उतरवा, मग टायर बघू

मुंबई-गोवा हायवेला कुडाळच्या अलीकडे माझं टायरचं दुकान आहे. डिसेंबर लागला की गोव्याकडे जाणारी गर्दी वाढते, आणि त्यात अधूनमधून परदेशी नंबरप्लेटची एखादी घरगाडी दिसते. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत वाघा सीमेवरून आत यायचं, राजस्थान बघायचं आणि थंडीत गोव्याचा किनारा धरायचा, असा २०२५ मध्ये ती सीमा बंद होईपर्यंत यांचा रस्ता होता. बहुतेक दुकानासमोरून तशाच पुढे जातात. दोनेक वर्षांपूर्वी एक आत वळली.

फियाट ड्युकाटो व्हॅनवर बांधलेली जर्मन गाडी, पाठीमागे रॅकवर आडवी आवळलेली स्कूटर, आणि साठी ओलांडलेलं जोडपं. तक्रार एवढीच की मागच्या डाव्या टायरची हवा रोज थोडी उतरते. पंक्चर काढून द्या, संध्याकाळपर्यंत हरमलला पोचायचंय. माझं इंग्रजी टायरवर छापलेलं वाचण्यापुरतं, त्यांचंही फार पुढचं नव्हतं. ते मोबाइलमध्ये जर्मन बोलायचे आणि मोबाइल मला मराठी ऐकवायचा. त्याची मराठी कुठल्या गावची कोण जाणे, पण भागलं.

माझ्याकडच्या पिंट्यानं साबणाचं पाणी मारलं. टायरला काही नव्हतं, बुडबुडे व्हॉल्वच्या बुडाशी येत होते. रबरी व्हॉल्व, बुडाला चिरलेला. हवा किती ठेवता विचारलं तर म्हणाले साडेपाच बार, म्हणजे ऐंशी पौंड. साधा रबरी व्हॉल्व पासष्ट पौंडांपर्यंतचा असतो. ऐंशीला पितळी लागतो, नटानं आवळायचा. वाटेत कुठल्या तरी दुकानात पितळी खराब झाला म्हणून हाताला आला तो बसवला होता. दोष त्या दुकानदाराचा म्हणा किंवा कोणाचाच नाही म्हणा. एवढ्याशा दिसणाऱ्या टायरात ऐंशी पौंड असतात हे आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना पटतच नाही.

असतात ते असे. टायरवर मापाच्या शेवटी 'सीपी' लिहिलेलं होतं. युरोपात घरगाड्यांसाठी हा वेगळा टायर काढतात. मालाचा टेम्पो भरतो आणि रिकामा होतो, घरगाडी कायम भरलेलीच. पलंग, फ्रिज, गॅस, कपाटं उतरवून कोण ठेवणार? आणि ती महिनोन् महिने एका जागी उभी राहते. म्हणून याची बाजू जाड आणि हवा जास्त.

व्हॉल्व बदलायला टायर रिमवरून उतरवावा लागतोच. त्याआधी सवयीनं तारीख बघितली. टायरच्या बाजूवर 'डीओटी'नं सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडे ३४१३, म्हणजे २०१३ सालचा ३४वा आठवडा. चारही टायर त्याच आठवड्याचे. मी मोबाइलला सांगितलं, टायर म्हातारे झालेत. गृहस्थ हसले, गेज मागून घेतला आणि मलाच नक्षीची खोली मोजून दाखवली. सात मिलिमीटर! नव्यात आठ-नऊ असते, कायद्याला १.६ चालते. त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

घरगाडीची हीच गोची आहे. ट्रकचा टायर धावून झिजतो, हिचा उभा राहून मरतो. रबरात मेण घातलेलं असतं. टायर फिरताना दबतो-फुलतो तेव्हा ते पृष्ठभागावर येतं आणि हवेतल्या ओझोनपासून त्याला वाचवतं. गाडी उभी राहिली की मेण वर येत नाही आणि बाजूला बारीक चिरा पडतात. यांची गाडी जर्मनीत उन्हाळ्यात थोडी फिरायची, बाकी वर्ष अंगणात उभी. मग एकदम बलुचिस्तानचं आणि राजस्थानचं ऊन. अंगठ्यानं बाजू दाबली तर चिरा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. तरी गृहस्थ मानेनात. दुकानदार टायर खपवायला बघतोय, हा संशय जगात सगळीकडे सारखाच.

मग पिंट्यानं टायर उतरवला आणि पालथा करून आपटला. आतून ओंजळभर काळी भुकटी पडली.

हवा कमी असताना टायर चालला की बाजू आतल्या आत घासते आणि आतलं रबर असं भुकटी होऊन गळतं. हात फिरवला तर सगळीकडे गोल वळी उठलेली. अशा टायरात परत ऐंशी पौंड भरणं म्हणजे जवळ उभं राहणाऱ्याच्या जिवाशी खेळ. बाईंनी भुकटी चिमटीत घेतली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मोबाइल बोलला, "चारही."

खरी पंचाईत इथून पुढे. माप २२५/७५ आर १६, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम सोळा इंची. कोल्हापूर, म्हापसा, बेळगाव, जिथे जिथे फोन केला तिथे सीपी म्हटल्यावर पलीकडे शांतता. बाहेरून मागवावा तर भारतात विकायच्या टायरवर आयएसआय मार्क लागतो, आणि जून २०२० मध्ये सरकारनं नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. चार टायरांसाठी परवाना कोण काढतो? तोवर यांचा व्हिसा संपला असता.

पिंट्या म्हणाला, "अण्णा, अर्बानियाचो घालूया. बसतलो तो."

अर्बानिया म्हणजे फोर्सची व्हॅन, तिचा टायर २३५/६५ आर १६. कोल्हापुरात शिल्लक होता, रात्रीच्या गाडीनं आला असता. बसला असता हेही खरं, सोळाचा टायर सोळाच्या रिमवर चढतोच. पण या गाडीच्या रिमवर '६ जे' कोरलेलं होतं, म्हणजे रुंदी सहा इंच, आणि त्या टायरला कमीत कमी साडेसहाची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की बाजू फुगीर राहते आणि वळणावर गाडी डुलते. वर घराएवढं उंच खोकं, पुढे सावंतवाडीची वळणं. शिवाय टायर तीसेक मिलिमीटरनं बुटका, म्हणजे गाडी बसणार आणि स्पीडोमीटर पुढे पळणार. मी नाही म्हटलं. गृहस्थांना तो पर्याय फारच आवडला होता, कारण उद्या सकाळी निघता येत होतं. फोनवरचा डीलरही म्हणे, "चालवून घ्या हो, परदेशी गाडी, कोण बघतंय?" गाडी चालवणारा बघतो की.

संध्याकाळी पुण्याच्या एका डीलरकडे नेमकं तेच माप निघालं, एलटी जातीचं, म्हणजे हलक्या ट्रकांसाठीचं. जीपवाले हौसेनं घालतात तसल्या जाड नक्षीचे, चार नग. आवाज करणार, थोडं डिझेल जास्त खाणार, त्याची फिकीर नव्हती. मी विचारलं, लोड किती? ११५. जुन्यावर ११६ होता. ११६ म्हणजे एका टायरला १,२५० किलो, ११५ म्हणजे १,२१५. फरक पस्तीस किलोंचा. दोन टायर मिळून २,४३०, आणि गाडीच्या प्लेटवर मागच्या एक्सलची मर्यादा २,४००. कागदावर जमत होतं. पण कागदावर स्कूटर नसते.

गृहस्थांना विचारलं, मागे वजन किती आहे? ते म्हणाले, साडेतीन-चार टन. ते सगळ्या गाडीचं. मागच्या एक्सलवर किती? या प्रश्नाला घरगाडीवाल्याकडे उत्तर नसतं. आपल्याकडचे तरी कुठे वेगळे? २०२१ मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून ट्रॅव्हलरवर बांधलेल्या दोन-चार गाड्या माझ्याकडे येऊन गेल्या. पडद्यांचा रंग सगळ्यांना पाठ, एक्सलचं वजन एकालाही नाही.

बाकीच्या तीन टायरांची हवा पुन्हा तपासली, चौथ्या जागी स्टेपनी चढवावी म्हटलं तर गाडीला स्टेपनीच नव्हती, नुसती पंक्चर बुजवायच्या फेसाची बाटली. शेवटी वजनकाट्यावर जाणं नवे टायर आल्यावरच, असं ठरलं. त्या रात्री ते दोघं दुकानाच्या आवारातच झोपले. आमच्या घरून माशाचं कालवण गेलं, तिकडून काळी कडक पावाची चकती आली.

सकाळी पुण्याच्या लक्झरीच्या डिकीतून टायर उतरले. सगळ्यात आधी तारीख बघितली, त्याच वर्षाचे होते. पितळी व्हॉल्व, बॅलन्सिंग, आणि बोल्ट टॉर्क पान्यानं १८० न्यूटन-मीटरला. तात्पुरती हवा भरली आणि हळूहळू जांभ्या चिऱ्याच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, १,७८०. मग पुढची उतरवून मागची. २,५१०.

काटेवाला बाहेर येऊन गाडी बघू लागला. "आखां घर भरून हाडल्यानी की काय?"

ते तसंच होतं. पण गंमत पुढेच आहे. स्कूटर शंभर किलोंची, मग ती उतरवली की शंभरच कमी होणार असं गृहस्थांचं गणित. स्कूटर लटकते मागच्या चाकांच्याही अडीच मीटर मागे. तिच्या भारानं गाडीचं नाक वर उचललं जातं आणि तेवढं वजन पुन्हा मागच्याच चाकांवर येतं. स्कूटर उतरवून परत काट्यावर घेतली तेव्हा मागे २,३५० भरलं आणि पुढे १,८४०. शंभर किलो काढले आणि मागचे एकशेसाठ गेले! गृहस्थ खिशातून वही काढून तिथेच उकिडवे बसले आणि आकृती काढायला लागले. निवृत्त इंजिनियर होते, हे तेव्हा कळलं. नंतर पाण्याची टाकी सोडली, २,२७० वर आलं. म्हणजे टायरमागे ११३५, ऐंशी किलोंची मोकळीक. मागे ऐंशी पौंड ठेवली, पुढे पासष्ट पुरे.

आता स्कूटरचं काय? रस्त्यावर टाकून जाता येत नाही, तीही गाडीसोबतच कार्नेच्या, म्हणजे वाहन तात्पुरतं आणून परत न्यायच्या, कागदांवर आत आलेली, जाताना दाखवावी लागते. बाईंनी काही न बोलता आतून हेल्मेट आणलं. गाडी नवऱ्यानं चालवायची, स्कूटर त्यांनी. पन्नास-साठ किलोमीटरवर बोल्ट पुन्हा आवळायचे हे मी म्हापशाच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन करून सांगून ठेवलं, आणि जर्मनीत परत गेल्यावर सीपीच घाला हेही मोबाइलकडून वदवून घेतलं. जुने चार टायर मालवणच्या एका भाच्यानं होडीच्या कडेला बांधायला नेले.

जानेवारीत त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे समुद्र, दोघंही लालबुंद. मोबाइलच्या मराठीत प्रश्न आला, आम्ही कारवारकडे निघालो, हवा ऐंशीला टिकून आहे, आता स्कूटर मागे चढवू का?

मी विचारलं, "टाकी भरलेय की रिकामी?"

बाई मागून ओरडल्या, "भरलेय!" आणि नवऱ्याच्या हातातली स्कूटरची चावी काढून घेतली.