५२ चा ४९ केला त्याची गोष्ट

आपल्या पुण्याचा गोल्फर उदयन माने टोकियो ऑलिम्पिक खेळून आला, तरी आमच्याकडे पाहुण्यांनी विचारलं की मुलगा काय करतो तर आई अजून सांगते, "स्पोर्ट्सच्या दुकानात आहे." खरं म्हणजे मी गोल्फ क्लब दुरुस्त करतो. ग्रिप बदलणं, शाफ्ट कापणं, निसटलेलं हेड इपॉक्सीने परत बसवणं, हे रोजचंच. आवडीचं काम एकच, बेंडिंग मशीनवर क्लब वाकवणं.

तर मे महिन्याच्या शेवटी एक आयटीवाले सर आले. हॅंडिकॅप १८, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण अठरा जास्त लागणारे, बॅग नवी कोरी, आणि मोबाइलमध्ये चक्क एक्सेल शीट. त्यांचं म्हणणं असं की पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळून बॉल उंच मारायचा क्लब) ११५ यार्ड जातो, त्यानंतरचा ५२ डिग्रीचा वेज ९० यार्ड, आणि मधे शंभर-एकशेपाच यार्ड आला की हातात द्यायला क्लबच नाही. हे मात्र शंभर टक्के खरं होतं. हल्लीच्या सेटमध्ये कंपन्या पिचिंग वेजचा लोफ्ट, म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) मागे किती कललाय तो कोन, ४३-४४ डिग्रीवर आणून ठेवतात, पूर्वी तो ४८ च्या आसपास असायचा. माणसाला वाटतं नवीन सेटने बॉल लांब जायला लागला, प्रत्यक्षात त्याला पिचिंग वेजच्या आधीच्या, जास्त लांब जाणाऱ्या ९ आयर्नवर P लिहून विकलेलं असतं. मी गेजवर लावून बघितलं, ४३ बरोब्बर. म्हणजे ४३ नंतर थेट ५२. नऊ डिग्रीचं भगदाड. पुढे ५६ आणि ६० होतेच.

सरांनी उत्तरही आणलं होतं. ५२ चा ४९ करा, ५६ चा ५४ करा, ६० राहू दे. ४३, ४९, ५४, ६०. बॅगेत १४ च क्लब चालतात, ते पूर्ण होते, नवीन घ्यायचा नव्हता. मी म्हटलं, "सर, ६० काढून त्याजागी ४८ चा घेतला तर?" तर म्हणाले, "नको, ६० ने फ्लॉप मारायचाय, बॉल उंच उडवून जागच्या जागी पाडायचा तो, मी व्हिडिओ बघितलेत." अठरा हॅंडिकॅपच्या माणसाने ६० चा वेज का बाळगावा हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण ते सांगणारा मी कोण. वर म्हणाले, "तुम्ही फक्त वाकवून द्या, गणित माझं झालंय."

हे वाक्य लागलं मला. खोटं कशाला बोलू.

कारण गणित अर्धंच झालं होतं. वेजवर दोन आकडे असतात, लोफ्ट आणि बाउन्स. त्यांच्यावर ५२ आणि ८ लिहिलं होतं. बाउन्स म्हणजे क्लबचं बूड पुढच्या धारेपेक्षा किती खाली उतरतं तो कोन. कमी बाउन्स म्हणजे उलथनं, धार सरळ खाली घुसते. जास्त बाउन्स म्हणजे पळीचं बूड, घासत पुढे सरकतं. आणि लोफ्ट जितका कमी कराल तितकाच बाउन्स कमी होतो, डिग्रीला डिग्री. ५२ चा ४९ केला की ८ चा ५ झाला. हे क्लबवर कुठे छापून येत नाही. क्लबवर ८ च राहतो.

दुसरं म्हणजे मी त्यांच्या वेजचं बूड बघितलं होतं. सवयच आहे, क्लब हातात आला की आधी उलटा करतो. सगळी घासण पुढच्या धारेला, मागे क्रोम जसंच्या तसं चकचकीत. म्हणजे माणूस वरून कुदळीसारखा मारणारा. अशाला बाउन्स जास्त लागतो, कमी नाही. अमेरिकन गोल्फर जीन सॅराझेनने निब्लिकच्या, म्हणजे जुन्या काळच्या जास्त लोफ्टच्या क्लबच्या, बुडाला सोल्डर लावून लावून वाळूतून मारायचा सँड वेज बनवला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन मारली, ती सगळी करामत बाउन्सचीच. आणि मी इथे तोच कमी करत होतो.

बोललो नाही. बाहेर तिघं थांबले होते, शनिवार होता, मालक काउंटरवरून बघत होते. आणि हो, ते गणिताचं वाक्य.

वाकवलं मात्र मन लावून. हेड फोर्ज्ड होतं, मऊ कार्बन स्टील. क्लॅम्पमध्ये नीट बसवायचं, नाहीतर फेसवर डाग पडतो, मग पितळी जबडा असलेली दांडी होझलला, म्हणजे शाफ्ट बसतो त्या नळीला, लावायची आणि झटका नाही द्यायचा, अंगाचं वजन टाकत जायचं. लोखंड थोडं परत येतं, म्हणून अर्धा डिग्री पुढे न्यायचं आणि सोडायचं. लोफ्ट हलवताना लाय, म्हणजे शाफ्ट आणि जमिनीमधला कोन, पण हलतो, तो परत मापायचा. कास्ट स्टेनलेसचं हेड असतं तर तीन डिग्रीला मी हातच लावला नसता, होझलपाशी कट्‌ आवाज येतो आणि तुकडा हातात. हे ४९.० आलं, ५४.० आलं. असं काम पुण्यात किती जण करतात मला माहितीये.

दोन आठवडे सर एकदम खूश. शंभर यार्डाचे फोटो पाठवत होते, बॉल पिनजवळ, म्हणजे होलच्या झेंड्यापाशी. साहजिक आहे, मे-जूनमध्ये जमीन टणक, टणक जमिनीवर कमी बाउन्स मस्त चालतो. आमचे मालक मला म्हणाले बघ, गिऱ्हाईकाचं ऐकावं. मग पाऊस लागला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला, सोबत कोर्सवर या म्हणाले. गेलो. भुरभुर चालू होती, चिपिंग एरियात बर्म्युडा गवत पाण्याने फुगलेलं. सरांनी ४९ काढला, चाळीस यार्डाचा पिच मारला, धप्प. बॉलच्या तीन इंच आधी क्लब जमिनीत, भाकरीएवढा डिव्हट, म्हणजे गवतासकट मातीचा तुकडा, बॉलपेक्षा लांब उडाला. परत धप्प. तिसऱ्यांदा चिखल माझ्या पॅंटवर. महिन्याच्या मॅचमध्ये म्हणे एकाच होलला दोनदा नाल्यात गेला, नऊ लागले. मला म्हणाले, "दादा, काहीतरी बिघडलंय याच्यात. आधी असं होत नव्हतं."

आता सांगायचं असं ठरवून मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचे कॅडी मामा, जे छत्री धरून गप उभे होते, म्हणाले, "साहेब, द्या जरा." साठीचा माणूस, पायात प्लास्टिकचे बूट. क्लब घेतला, फेस थोडा उघडा केला, हात बॉलच्या पुढे न ढकलता मधेच ठेवले, आणि सुर्रकन एक मारला. गवत फक्त खरवडलं. दुसरा तसाच. तिसरा पिनपासून चार पावलांवर.

फेस उघडला की बाउन्स वाढतो. मामांना तो शब्द माहीत असेल-नसेल, बुडावर कसं मारायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं. इतके दिवस बॅग उचलताना साहेबांना का नाही सांगितलं असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "इचारलं कुठं कुनी?"

सर मात्र बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून हसले, "म्हणजे क्लबमध्ये प्रॉब्लेम नाहीच की. माझाच स्विंग गंडलाय. सॉरी हां, उगाच तुम्हाला पावसात बोलावलं."

आणि मी म्हटलं, "नाही नाही सर, त्यात काय."

एवढंच म्हटलं. सॉरी त्यांनी म्हटलं आणि मी ते घेतलं. आता ते कोचकडे दहा लेसन घेतायत, पैसे भरून. स्विंग खरंच कुदळीसारखा आहे, त्यामुळे लेसन वाया जाणार नाहीत असं मी स्वतःला सांगतो. ८ बाउन्स असता तर त्या चिखलात तीन इंच मागे मारलेला बॉल वाचला असता का? नसता वाचला. एक-दीड इंच मागे मारलेला बहुतेक वाचला असता. आणि मॅचमधले नऊ कसे लागले ते मी बघितलेलं नाही.

आमच्या जॉब कार्डावर लोफ्ट, लाय, लांबी, ग्रिप असे रकाने आहेत. बाउन्सचा नाही. मालकांना म्हटलं टाकू या, तर म्हणाले गिऱ्हाईकाला कशाला गोंधळात टाकतोस.

काल सरांचा मेसेज आला. शनिवारी ६० घेऊन येतायत, ५८ करून हवाय. त्याच्यावर ६ लिहिलंय. ४ होईल.