तुम्ही विचारलंत म्हणून: वर गेल्यावर पायलट मोबाइल बघतात का?

मी पायलट आहे हे कळलं की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न हाच असतो. इतके तास नुसतं बसून करता काय, मोबाइल बघता ना? चालत नाही म्हटलं की लगेच, अहो मग आम्हाला कसा चालतो, आमच्या फोनने काही होत नाही आणि तुमच्याच फोनने होतं होय?

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत ऑक्टोबर 2013 मध्ये एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, प्रवाशांना टेकऑफ-लँडिंगलाही फोन-टॅब वापरायची वाट मोकळी केली, फ्लाइट मोडवर ठेवून, आणि पुढच्याच फेब्रुवारीत पायलटांना सीटवर बसून खासगी कामासाठी फोन, लॅपटॉप वापरायला बंदी घातली. म्हणजे सिग्नलचं भांडण नव्हतंच, आमचं लक्ष कुठे असतं त्यावरून हे सगळं झालं.

मूळ किस्सा 2009 चा. नॉर्थवेस्ट या अमेरिकन कंपनीची 188 नंबरची फ्लाइट, सॅन दिएगो ते मिनियापोलिस, 144 प्रवासी. दोघंही पायलट लॅपटॉप उघडून कंपनीच्या नव्या रोस्टर (ड्युटी लावायच्या) सिस्टिमवर बोलत बसले, तासभराहून जास्त वेळ एटीसी (जमिनीवरचे विमान कंट्रोलर) हाका मारतंय आणि इकडून उत्तर नाही, विमान आपलं ऑटोपायलटवर मिनियापोलिस ओलांडून शंभर मैलांच्याही पुढे गेलं, शेवटी केबिन क्रूने इंटरकॉमवर विचारलं की आपण उतरतोय कधी, तेव्हा यांना जाग आली. बरं हे पिक्चर बघत नव्हते की गेम खेळत नव्हते, ऑफिसचाच विषय चालला होता, आणि मला तर तेच जास्त घाबरवतं कारण रोस्टरवर तासभर बोलणार नाही असा पायलट मी अजून पाहिलेला नाही. दोघांची लायसन्स गेली, 2012 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला, त्यातून हा नियम आला.

फोन हातात घेऊन बघत बसायलाच पाहिजे असंही नाही. 2010 मध्ये जेटस्टार या ऑस्ट्रेलियन कंपनीचं एक विमान सिंगापूरला उतरत होतं, कॅप्टनचा फोन चालूच राहिलेला, खाली आल्यावर रेंज मिळाली आणि मेसेज वाजायला लागले. तो फोन बंद करण्यात गुंतला, फर्स्ट ऑफिसर (सहपायलट) काय म्हणतोय ते त्याच्या कानावरच गेलं नाही आणि चाकं खाली घ्यायची राहिली. साधारण 700 फुटांवर वॉर्निंग वाजली, मग गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता परत वर गेले, आणि फिरून आले. कुणाला काही झालं नाही, पण तेवढ्या उंचीवर हातात एक मिनिटही नसतं हो.

आता खरा घोळ टॅबलेटचा आहे. पूर्वी चार्ट आणि मॅन्युअलची 15-16 किलोची बॅग ओढत न्यावी लागायची, आता ते सगळं टॅबमध्ये असतं, त्यामुळे कॉकपिटमधून स्क्रीन घालवणं शक्यच नाही. म्हणून नियमात सूट आहे, विमान चालवण्याशी थेट संबंध असेल किंवा कंपनीच्या मंजूर पद्धतीत बसत असेल तर चालतं. पण चार्ट बंद करून दुसरं काही उघडायला बोटाची एक हालचाल पुरते, आणि तिथे बघायला शेजारच्या सीटवरच्या माणसाशिवाय कोणी नसतं. त्याने टोकलं पाहिजे. ज्युनियर असला तरी टोकलं पाहिजे, आणि हे बोलायला जितकं सोपं तितकं करायला नाही, विचारा कुठल्याही नव्या फर्स्ट ऑफिसरला.

लांबच्या फ्लाइटला जादा पायलट असतात, त्यांची बंकमध्ये (झोपायच्या जागेत) विश्रांती चालू असताना काय हवं ते बघावं, हा नियम सीटवर बसलेल्यांसाठी आहे. आणि गंमत म्हणजे कागदावरचं शब्दकोडं या नियमात येतच नाही (कंपनीचं मॅन्युअल काय म्हणतं ते वेगळं). 10,000 फुटांखाली मात्र उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीच नको, गप्पासुद्धा नकोत, हे अमेरिकेत 1981 पासून आहे.

मग वर करतो काय? इंधन ताडून बघतो, वाटेत उतरायची वेळ आली तर कुठे आणि तिथली हवा कशी ते बघत राहतो, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलली की नव्या कंट्रोलरला हाक देतो. कंटाळा येतो का? येतो, भरपूर येतो. फोन माझा बंद करून बॅगेत, आणि बॅग हात पोचणार नाही अशी मागे ठेवलेली असते.