मागे कोण बसणार?

पासिंगच्या रांगेत त्या दिवशी एक खासगी ॲम्ब्युलन्स आली. मी मोटार वाहन निरीक्षक, गाडी तपासणं हे माझं काम. ब्रेक, दिवे, टायर, सायरन, विमा, पीयूसी, सगळं चोख होतं. स्ट्रेचरचं लॉकसुद्धा पक्कं. मालकाने गाडी जिवापाड सांभाळली होती.

मागचं दार उघडलं तर आत विशीतला एक पोरगा. हेल्पर. "ऑक्सिजन चालू करून दाखव रे," म्हटलं. त्याने ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरचा नॉब फिरवला. पाण्याच्या बाटलीत एकही बुडबुडा नाही. परत फिरवला, तरी नाही. आधी सिलेंडरचा वरचा व्हॉल्व्ह चावीने उघडावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चावी निघाली ड्रायव्हरच्या सीटखाली, पान्यांच्या पिशवीत.

"साहेब, पेशंटजवळ नातेवाईक असतातच की," ड्रायव्हर म्हणाला.

मला फार राग आला, आणि तो कायद्यातल्या फटीचा होता. रिक्षावाल्याला आम्ही परमिट विचारतो, बॅज विचारतो. ॲम्ब्युलन्सला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नेच परमिटमधून सूट आहे. सूट रास्तच आहे, जीव वाचवायला निघालेली गाडी परमिटपायी अडू नये. पण परमिट नाही म्हणजे परमिटच्या अटीही नाहीत. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी चालवायला हलक्या वाहनाचं साधं (एलएमव्ही) लायसन्स पुरतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. एआयएस-१२५ हे ॲम्ब्युलन्ससाठीचं मानक गाडीची बांधणी आणि साहित्य बघतं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टला, म्हणजे तातडीचे उपचार शिकलेल्या पॅरामेडिकला, संलग्न आरोग्य व्यावसायिकांत जागा दिली, पण माझ्या तपासणीच्या कागदावर त्याच्यासाठी रकाना नाही. त्याच रस्त्यावर १०८ ची गाडी धावते आणि तिच्यात डॉक्टर असतो.

नापास करायला कारण नव्हतं, सही करावी लागली. त्याआधी मात्र त्या पोराकडून व्हॉल्व्ह उघडून-बंद करून घेतला, हात बसेपर्यंत. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. चावी सिलेंडरलाच साखळीने बांधायला लावली.

संध्याकाळी वरिष्ठांना टिपण दिलं : ॲम्ब्युलन्सच्या फिटनेसवेळी मागे बसणाऱ्याचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागायचा अधिकार निरीक्षकाला मिळावा. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा काढणार आहे.