निक ड्रेकचा पहिला अल्बम शेवटाकडून ऐकू नका

निक ड्रेक या इंग्लिश गायक-गीतकाराबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींतच तो गेलेला असतो. १९७४, वय २६, डिप्रेशनच्या गोळ्यांचा ओव्हरडोस. हे खरंय आणि फार वाईट आहे, पण त्यामुळे झालंय असं की त्याचा पहिला अल्बम 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट' लोक उलटा ऐकतात, आधी शेवट माहीत करून घेतात आणि मग प्रत्येक गाण्यात तोच शोधत बसतात. मला हे अजिबात पटत नाही. हा अल्बम केला तेव्हा तो विशीतला पोरगा होता, केंब्रिजला इंग्लिश लिटरेचर शिकत होता, आणि आपल्याला काय हवंय हे त्याला स्टुडिओतल्या मुरलेल्या लोकांपेक्षा जास्त कळत होतं.

झालं असं की लंडनच्या राउंडहाउसमध्ये त्याला फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या फोक-रॉक बँडच्या अ‍ॅशली हचिंग्जने ऐकलं आणि प्रोड्युसर जो बॉइडला सांगितलं. बॉइड अमेरिकन, लंडनमध्ये राहून फोकवाल्यांचे रेकॉर्ड काढणारा. रेकॉर्डिंग झालं चेल्सीतल्या साउंड टेक्निक्समध्ये, ती मुळात जुन्या डेअरीची इमारत, आणि इंजिनिअर जॉन वुड. स्ट्रिंग्जच्या, म्हणजे व्हायोलिन-चेलो वगैरेंच्या अरेंजमेंटसाठी बॉइडने रिचर्ड ह्यूसनला आणलं, जेम्स टेलरच्या पहिल्या अल्बमवर काम केलेला माणूस, म्हणजे नाव ठेवायला जागा नाही. निकने ऐकलं आणि हे नको म्हणाला. कॉलेजमधला माझा एक मित्र आहे, त्याला बोलवा. आता विचार करा, हा पोरगा एवढा लाजाळू की कोणाशी धड बोलायचा नाही, आणि पहिल्याच अल्बमला प्रोफेशनल अरेंजर नाकारून रॉबर्ट कर्बी नावाच्या एका स्टुडंटसाठी अडून बसतो! बॉइडला शंका होतीच, पण कर्बीने 'वे टू ब्लू' वाजवून घेतलं आणि विषय संपला. त्या गाण्यात गिटार नाहीच, एवढा भारी गिटारिस्ट असून त्याने गिटार खाली ठेवली आणि नुसत्या स्ट्रिंग्जवर गायला.

फक्त 'रिव्हर मॅन' आपल्याला जमणार नाही असं कर्बीने स्वतःच सांगितलं, म्हणून ते हॅरी रॉबिन्सनकडे गेलं, हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या हॉरर सिनेमांना म्युझिक देणारा. निकला हवा होता इंग्लिश क्लासिकल कंपोझर डेलियससारखा रंग. हे गाणं पाच मात्रांचं आहे. आपल्याकडे झपताल कानात असलेल्या माणसाला पाचाचं काही विशेष वाटत नाही, पण इथे गंमत अशी की तीन-दोनचा तो गिटारचा पॅटर्न जराही हलत नाही, आवाज मात्र समेची फिकीर न करता मागे रेंगाळत येतो, आणि मग व्हायोलिन्स अशी उठतात की मला दर वेळी हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. आणि हे लाइव्ह आहे, निक गातोय-वाजवतोय आणि सोबतच स्ट्रिंग्ज, नंतर वरून चिकटवलेलं नाही.

१९६९ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने अल्बम काढला आणि फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. मेलडी मेकर या म्युझिक साप्ताहिकाने दोन बरे शब्द लिहिले, दुसरं साप्ताहिक एनएमई, त्याचं म्हणणं पडलं की यात पुरेशी व्हरायटीच नाही. यावर मी खरंच चिडतो. 'थ्री अवर्स'मध्ये काँगा आहेत, डॅनी थॉम्पसनचा डबल बेस असा काही चालतो की ते गाणं जवळजवळ जॅझ होतं, 'टाइम हॅज टोल्ड मी'वर रिचर्ड थॉम्पसनची इलेक्ट्रिक गिटार आहे, 'सॅटर्डे सन'मध्ये पियानो आणि व्हायब्राफोन. अजून काय व्हरायटी पाहिजे? आवाज एकाच पट्टीत शांत राहतो म्हणून त्यांना सगळं सारखं वाटलं असणार. त्यात कव्हरवर गाण्यांचा क्रमसुद्धा चुकीचा छापलेला. स्टेजवर तर वेगळीच पंचाईत, जवळजवळ प्रत्येक गाण्याला गिटारचं ट्यूनिंग वेगळं, मग दोन गाण्यांच्या मध्ये हा एक शब्द न बोलता तारा पिळत बसायचा आणि लोक गप्पा मारायला लागायचे. त्याच्या हयातीत तीनपैकी कुठलाच अल्बम ५,००० कॉपींच्या पुढे गेला नाही म्हणतात. १९९९ ला फोक्सवॅगनच्या जाहिरातीत तिसऱ्या अल्बममधलं 'पिंक मून' वाजलं आणि मग अचानक अमेरिकेत सगळ्यांना तो हवा झाला.

'फ्रूट ट्री'बद्दल नेहमी सांगतात की त्यात त्याने स्वतःचं भविष्य लिहून ठेवलंय, कीर्ती मेल्यावरच येते वगैरे. अरे, तो इंग्लिश रोमँटिक कवी वाचणारा स्टुडंट होता, मेल्यानंतर मोठे झालेले कवी त्याच्या अभ्यासातच असणार! विशीतल्या हुशार मुलाला हा विषय सुचणं यात मला काही अपशकुनी दिसत नाही, त्या वयात एवढं बांधीव गाणं लिहिणं हे मात्र अफाट आहे.

२०२५ मध्ये या अल्बमच्या मेकिंगचा चार डिस्कचा बॉक्स सेट आलाय, त्यात केंब्रिजमधली एक टेप आहे. निक गाणी वाजवतो आणि मधेमधे कर्बीसाठी बोलतो, इथे कुठली वाद्यं हवीत, काय कसं यायला हवं. ती आधी ऐका, मग अल्बम लावा.