डोळ्यांसमोर उभे न राहणारे चित्र

‘ते दृश्य डोळ्यांसमोर उभे राहिले’ असे मी आयुष्यभर वाचत आणि लिहितही आलो; मात्र अनेकांच्या बाबतीत हे केवळ अलंकारिक बोलणे नसते, हे मला फार उशिरा समजले. डोळे मिटून मी आईचा चेहरा आठवू लागलो की तिचा चष्मा, कपाळावरची आठी, हसण्याची लकब हे सारे मला ठाऊक असते, पण दिसत काहीच नाही.

या अवस्थेला ‘अफँटेशिया’ हे नाव मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिले. निरीक्षण मात्र त्याहून बरेच जुने आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लोकांना त्या दिवशीच्या न्याहारीचे टेबल मनात आणून ते किती स्पष्ट दिसते, हे विचारले होते. त्यांनी प्रथम विचारलेल्या वैज्ञानिकांपैकी बहुतेकांना हा प्रश्नच चमत्कारिक वाटला, असे ते लिहितात. ते वाचून मला एकटेपणा जरा कमी वाटला, हे कबूल करतो.

तरीही एक शंका राहतेच. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांच्या १९७३ च्या प्रश्नावलीत सोळा प्रसंग कल्पून प्रत्येकाच्या स्पष्टतेला गुण द्यायचे असतात. पण माझे ‘धूसर’ आणि दुसऱ्याचे ‘धूसर’ एकच कशावरून? ही शंका माझ्यापुरती मिटली ती ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगामुळे. उजळ आकृती नुसती कल्पिली तरी सामान्यतः डोळ्याची बाहुली आकुंचन पावते. अफँटेशिया असलेल्यांच्या गटात तसे आढळले नाही. त्यांनी प्रयत्नच केला नसेल, असेही म्हणता येत नाही, कारण एकीऐवजी चार आकृत्या कल्पायला सांगितल्यावर, म्हणजे मनावरचा ताण वाढल्यावर, त्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या.

मनात चित्र उमटत नाही म्हणजे कल्पनाशक्तीच नाही, हा समज मला साफ चुकीचा वाटतो. ‘पिक्सार’ या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे एक संस्थापक एड कॅटमल यांनाही मनात चित्रे दिसत नाहीत. माझेच पाहिले तर घरातल्या वस्तूंच्या जागा मी डोळे मिटून अचूक सांगू शकतो. त्यांचे रंग तेवढे मला शब्दांतच आठवतात.

गंमत अशी की, अशा पुष्कळ लोकांप्रमाणे मलाही स्वप्ने मात्र चित्रांतच पडतात. आई मला तिथे स्पष्ट दिसते. जाग आल्यावर ती दिसली होती, एवढेच आठवते.