पावसाळ्याआधी किट बॅगेचं एवढं करा

मे संपला, टुर्नामेंट संपल्या की आपल्याकडं क्रिकेटची किट बॅग चेन लावून माळ्यावर जाते ती डायरेक्ट दिवाळीला खाली येते, आणि उघडली की कुबट वास आणि किपिंगच्या ग्लोव्हजवर हिरवट-पांढरा बुरा. लोक म्हणतात सांगलीत पाऊस तो किती, महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो तसं आपल्याकडं काय नाही. पण बुरशीला पाऊस लागत नाही हो, दमट हवा लागते. हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या वर जाऊन तसाच राहिला की ती चामड्यावर धरतेच, आणि घामानं ओले ग्लोव्हज बंद बॅगेत टाकले की ती हवा आपणच आत तयार करून ठेवतो.

माझं ठाम मत, तेलापेक्षा वारं महत्त्वाचं. बरेच जण चामडं मऊ राहावं म्हणून ठेवताना भरपूर खोबरेल चोपडतात. नका करू. घाम, माती आणि चामड्यातली चरबी हेच बुरशीचं खाणं, त्यात आपण अजून वाढायचं कशाला! कंडिशनर लावायचंच असेल तर अगदी थोडं, आणि ते पुढच्या सीझनला बाहेर काढल्यावर.

ठेवायच्या आधी कोरड्या ब्रशनं माती झाडा, मग घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा. किपिंगच्या ग्लोव्हजमध्ये खरी ओल बोटांच्या टोकांशी असते, वरनं हात लावला तर कोरडे लागतात आणि आत बोट घातलं की गार लागतं. इनर, म्हणजे ग्लोव्हजच्या आत घालायचे पातळ हातमोजे, काढून वेगळे धुवा आणि ग्लोव्हजच्या बोटांत साधा कोरा कागद कोंबा, पेपर नको कारण पांढऱ्या चामड्याला शाई लागते, आणि कागद ओला झाला की बदला. वाळवायचं सावलीत, वाऱ्याला. उन्हात किंवा चुलीजवळ भराभर सुकवलं की चामडं आकसतं, कडक होतं, मग भेगा पडतात त्या कायमच्या.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असंही नाही बरं का. थंडीत कधीकधी चामड्यातलीच चरबी वर येऊन पांढरट थर दिसतो. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबनं द्या, चरबी असेल तर विरघळून जिरते, बुरशी तशीच राहते. बुरशी असेल तर घरात झाडू नका, अंगणात न्या, तोंडाला रुमाल बांधा, ब्रशनं काढा आणि सर्जिकल स्पिरिट नि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्यानं पुसा. आधी एका कोपऱ्यात लावून बघा, रंग उतरतो कधीकधी.

२०१९ सारखं पुराचं पाणी लागलेलं सामान असेल तर चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा, पण इनर आणि स्पंजवाल्या वस्तू सरळ टाकून द्या, त्या पाण्यात गटारीचं सगळं असतं.

प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीच ठेवू नका, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. पूर्वी कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे, त्याच्या उबेनं ओल कमी व्हायची, एलईडीला तेवढी ऊबच नसते. आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात भिंतच ओल धरते. श्रावणात ऊन पडलं की बॅग उघडून दोन-तीन तास वारं लागू द्या. जुन्या काळातले कसोटी क्रिकेटपटू विजय हजारेंचा जन्म सांगलीचा, इथं बापाचे ग्लोव्हज पोरगं वापरतं, ते टिकवायचे तर एवढं करायलाच पाहिजे.

राहिला सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक बॉल. आत कॉर्क आणि दोरा, पाणी प्यायला की फुगतो, नवा १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो तो हातात जड लागतो आणि शिवण सैल पडते. शिवणीतली माती कोरड्या टूथब्रशनं काढा, पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात बंद करू नका, आणि एकदा फुगलेला बॉल मॅचला काढू नका, कॅचिंग प्रॅक्टिसला वापरा.