पाऊण गुंठ्यातला डबा

अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडचं मेरीमूर पार्क आमच्याकडच्या देशी मंडळींना बहुतेक क्रिकेटमुळे माहीत असतं. सुट्टीच्या दिवशी नवरे बॅट घेऊन तिकडे जातात, मुलं झोपाळ्यांवर असतात आणि आम्ही चटई पसरून थर्मासमधला चहा संपवतो. ६४० एकरांचं पार्क, मधून सॅमॅमिश नदी वाहते, नुसतं कुत्र्यांना मोकळं सोडायला ४० एकर दिलेत. पण आम्ही आपले वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात. ऑगस्ट संपत आला, शाळा उघडायच्या बेतात होत्या आणि मुलं घरात पडद्याला डोळे लावून बसली होती, तेव्हा मैत्रिणीने जिओकॅशिंगचं काढलं.

खेळ असा की कुणीतरी सार्वजनिक जागेत एक डबा लपवून ठेवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. इतरांनी फोन घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा परत ठेवून यायचं. बक्षीस वगैरे काही नाही. मग करायचं कशाला, असं नवऱ्याने विचारलं. मैत्रीण म्हणाली, क्रिकेटमध्ये तरी तुम्हाला काय मिळतं? विषय तिथेच मिटला.

आमची दोन मुलं, मैत्रिणीची जुळी, आम्ही चौघं आणि सांगलीहून उन्हाळ्यापुरते आलेले माझे सासरे, असा लवाजमा. बाबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेत. सगळी नोकरी मोजणीत गेली. साखळी, फलक (नकाशा आखायचा तिवईवरचा पाट), हद्दीचे दगड आणि बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे सख्खे भाऊ. शेवटी शेवटी अंतर आणि कोन मोजणारं ईटीएस मशीन आलं, तेही त्यांनी शिकून घेतलं. इथे त्यांचा वेळ जाता जात नव्हता. अक्षांश-रेखांशावरून डबा शोधायला जायचंय म्हटल्यावर त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि चष्मा पुसायला घेतला.

तयारी फारशी लागत नाही, पण काही गोष्टी आधी बघून ठेवलेल्या बऱ्या. अ‍ॅपवर खातं फुकट उघडतं. फुकटच्या खात्यात सोपे डबे दिसतात, बाकीच्यांसाठी वर्गणी भरावी लागते. पहिल्या दिवसाला फुकटचं पुरतं. प्रत्येक डब्याला दोन दर्जे दिलेले असतात, शोधायला किती अवघड आणि तिथवर पोचायला किती अवघड, दोन्ही १ ते ५. पोचण्याचा १ म्हणजे व्हीलचेअरसुद्धा जाते, ५ म्हणजे दोर किंवा होडी लागणार. सगळे हेच आकडे बघायला सांगतात. माझं मत विचाराल तर मुलं बरोबर असताना आधी आकार बघा. ‘मायक्रो’ म्हणजे जुन्या फिल्मच्या डबीएवढं किंवा त्याहूनही लहान, आत कागदाची एक गुंडाळी आणि बाकी काही नाही. मोठ्यांना त्यात थरार वाटत असेल, सात वर्षांच्या मुलाला वाटत नाही. ‘स्मॉल’ किंवा ‘रेग्युलर’ घ्या, त्यात खेळणी, नाणी, बिल्ले असं काहीबाही असतं. आणि आधीच्या लोकांच्या नोंदी वाचा. लागोपाठ तीन-चार जणांनी ‘सापडला नाही’ लिहिलेलं दिसलं तर डबा बहुधा जागेवरच नाही. तिथे पोरांना उन्हातान्हातून नेऊ नये.

डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची वस्तू आत ठेवायची, असा नियम आहे. मुलांनी परस्पर राजगिऱ्याचे लाडू ठेवायचं ठरवलं होतं. पण खायची वस्तू चालत नाही, वासाने प्राणी येतात आणि डबा फोडून टाकतात. मग देशातून आणलेले लाकडी भोवरे, काचेच्या गोट्या आणि रुपयाची नाणी पिशवीत भरली. लाडू गाडीतच संपले. पेन आपलं न्यावं, डब्यातल्या पेन्सिलीला टोक असतंच असं नाही. पॉवर बँक हवीच. आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण इथल्या झाडीत नेटल असतं, हाताला घासलं की आग होते आणि खाजवत बसावं लागतं.

पार्किंगमध्ये उतरलो, अ‍ॅप उघडलं आणि बाबांनी फोन मागून घेतला. उत्तर ४७ अंश ३९ मिनिटं, पश्चिम १२२ अंश ७ मिनिटं, आणि मिनिटांच्या पुढे दशांशाची तीन स्थळं. “हजारावा भाग म्हणजे किती होतो गं?” मी काही बोलायच्या आत त्यांनीच हिशेब केला. अक्षांशाचं एक मिनिट १८५२ मीटर, म्हणजे हजारावा भाग १.८५ मीटर, साधारण सहा फूट. रेखांशाचा मात्र उत्तरेकडे जाऊ तसा आवळत जातो. सांगलीत पावणेदोन मीटरच्या वर भरेल, इथे जेमतेम सव्वा. मुलं केव्हाच पुढे पळाली होती, मैत्रिणीचा नवरा तेवढा मनापासून ऐकत होता.

त्यानेच मग बाबांना या खेळाची गोष्ट सांगितली. अमेरिकन सरकार पूर्वी सामान्य लोकांना मिळणारा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी तो बिघाड काढून टाकला. लगेच ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या दक्षिणेला बीव्हरक्रीकजवळच्या जंगलात एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबाबंद टिन. म्हणजे खाण्याची वस्तू पहिल्याच डब्यात होती, हे मुलांनी नेमकं ऐकलं आणि लाडवांचा विषय पुन्हा निघाला. सप्टेंबर २००० मध्ये या खेळाची मुख्य वेबसाइट सुरू झाली तेव्हा साऱ्या जगात ७५ डबे होते. आज ३० लाखांच्या वर आहेत, आणि ती वेबसाइट चालवणारी कंपनी आमच्या सिअ‍ॅटलमध्येच आहे.

बाबा चालता चालता थांबले. “१०० मीटर चूक म्हणजे पावणेआठ एकरांत शोधायचं. आता फोनची चूक किती?” उघड्यावर साधारण ५ मीटर, म्हटलं. “मग पाऊण गुंठा.” एवढं बोलून ते चालायला लागले. त्यानंतर दिवसभर आमच्यात तोच शब्द चालला. पाऊण गुंठ्यात आलो का? आलो. बघा मग.

गंमत खरी तिथूनच सुरू होते, आणि हे कुणी आधी सांगत नाही. पाऊलवाटेवरून फोन झकास नेतो. ८० मीटर, ४०, १५. मग झाडांखाली शिरलात की बाण भिरभिरायला लागतो. सिग्नल पानांवर, बुंध्यांवर आपटून येतो, त्यामुळे एका पावलात ७ मीटर उजवीकडे, दुसऱ्या पावलात १२ मीटर मागे. चारही मुलं फोन हातात धरून गोल गोल फिरायला लागली आणि एकमेकांवर आदळली. थोरल्याने तर नेटमध्ये प्रॉब्लेम आहे असं जाहीरच केलं.

बाबांनी सगळ्यांना परत मोकळ्यावर आणलं. वीस-पंचवीस पावलं लांब उभं राहून बाण स्थिर होऊ दिला आणि तो दाखवतो त्या दिशेला समोरचं एक झाड हेरून ठेवलं. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने तेच. “फलकावर आम्ही हेच करायचो. दोन ठिकाणांहून रेघा मारायच्या, छेदतील तिथे खूण.” दोन रेघा एका पडलेल्या ओंडक्याजवळ छेदत होत्या. फोन खिशात गेले आणि सगळे ओणवे झाले.

डबा मिळाला जुळ्यांमधल्या मुलीला. ओंडक्याच्या पोटाशी काटक्यांचा एक ढीग होता आणि तिचं म्हणणं पडलं की झाडावरून पडलेल्या काटक्या अशा एका लांबीच्या, शेजारी शेजारी कशा असतील? आपल्याला शोधताना असंच काहीतरी बघायचं असतं, निसर्गात जे जरा जास्तच नीटनेटकं आहे ते. काटक्या बाजूला केल्या तर चारी बाजूंनी खिट्ट्या लागणारा स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा. आत झिपच्या पिशवीत वही, प्लास्टिकचे डायनोसॉर, कुठल्याशा बँकेची चावीची साखळी. एक डायनोसॉर घेतला, एक भोवरा ठेवला. वहीत मुलांनी इंग्रजीत नावं लिहिली, बाबांनी मराठीत पूर्ण सही केली, तारखेसह, पंचनाम्यावर करतात तशी.

दुसरा डबा मायक्रो होता, पुलाच्या कठड्यापाशी. वर एवढं तत्त्वज्ञान सांगूनही तो घेतला, कारण वाटेतच होता. मिळाला नाही. तिथे येणाजाणाऱ्यांची वर्दळ, आणि हा खेळ न खेळणाऱ्यांच्या, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत ‘मगल’ लोकांच्या, डोळ्यांदेखत शोधू नये असा संकेत आहे. त्यांनी पाहिलं तर नंतर डबा उचलला जातो. नऊ देशी माणसं कठड्याखाली हात घालून चाचपडताहेत म्हटल्यावर लोक बघणारच. या देशात असे लपवलेले डबे बघून पोलिसांना बॉम्बशोधक पथक बोलवावं लागल्याचे प्रसंग घडलेले आहेत, त्यामुळे फार लपूनछपूनही वागू नये. एक कुत्रेवाल्या आजी थांबल्याच. मैत्रिणीने सरळ सांगितलं की आम्ही जिओकॅश शोधतोय, तर हसून म्हणाल्या, माझे नातू पण हेच करतात, आणि गेल्या. अ‍ॅपवर आम्ही ‘सापडला नाही’ अशी नोंद केली. मुलांना ते अपमानास्पद वाटत होतं, पण नोंद करावीच, डब्याच्या मालकाला त्यावरूनच कळतं की येऊन बघायला हवं. वाटेवरच्या ब्लॅकबेरी पिकल्या होत्या, त्यामुळे रुसवा टिकला नाही.

मग दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. त्याबद्दल लिहिण्यासारखं इतकंच की दही कमी पडलं.

तिसऱ्याला ओळखखूण दिलेली होती. ती उलटसुलट अक्षरांत असते. इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर १३ घरं पुढे सरकवलेलं, एच्या जागी एन, बीच्या जागी ओ. इंग्रजीत अक्षरं २६, त्यामुळे पुन्हा १३ घरं सरकवलं की मूळ शब्द परत मिळतो. अ‍ॅपमध्ये एक बोट लावलं की अर्थ समोर येतो, पण आम्ही मुद्दाम मुलांना कागद-पेन दिलं. लाडवांच्या रिकाम्या खोक्यावर एफ-जी-एच-झेड-सी लिहून चौघं पोटावर आडवी पडली आणि भांडत भांडत एस-टी-यू-एम-पी पर्यंत आली. म्हणजे तोडलेल्या झाडाचा खुंट. झाडीत खुंट एक नाही, भरपूर होते. पण पाऊण गुंठ्यात दोनच. दुसऱ्याच्या पोकळीत, सालीच्या एका तुकड्याआड, लष्करी हिरव्या रंगाची काडतुसांची लोखंडी पेटी.

तिच्यात एक धातूची पट्टी होती, सैनिकांच्या गळ्यात असते तशी, वर क्रमांक कोरलेला. ही ठेवून घ्यायची नसते. उचलायची, वेबसाइटवर त्या क्रमांकाची नोंद करायची आणि पुढच्या कुठल्यातरी डब्यात सोडायची. असे टप्पे जोडत जोडत पट्टी किती किलोमीटर फिरली ते नकाशावर दिसतं. मालकाने हिच्याबद्दल लिहिलं होतं की घरापासून जमेल तितकी लांब जाऊ दे. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. त्यांचं परतीचं तिकीट पंधरवड्यावर होतं, आणि पुण्याच्या आसपास डबे आहेत हे थोरल्याने तिथल्या तिथे नकाशात काढून दाखवलं. बाबांनी पट्टी पाकिटात, पासपोर्टच्या फोटोमागे ठेवली. वहीत सही करताना पट्टीचा क्रमांकही नमूद केला. तशी गरज नसते, पण त्यांना कोण सांगणार.

घरी आल्यावर जुळ्यांनी जाहीर केलं की आता आपला डबा लपवायचा. मला वाटलं सोपं असेल. तर त्याचे नियम शोधण्याच्या नियमांपेक्षा कडक आहेत. दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर अंतर हवं. मालकाने तशी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय जमिनीत पुरायचा नाही, म्हणजे उल्मरची बादली आजच्या नियमांत सहज बसली नसती. जागेच्या मालकाची परवानगी हवी. नंतर वही भिजली, झाकण तुटलं तर जाऊन बघण्याइतकं जवळ राहायला हवं, सुट्टीत फिरायला गेलो आणि ठेवून आलो असं चालत नाही. शिवाय वेबसाइटचा एक स्वयंसेवक सगळं तपासतो, मगच डबा नकाशावर चढतो. बाबांनी जायच्या आधी पार्कच्या त्या भागाचा हाताने नकाशा काढून दिला, उत्तर दिशेच्या बाणासकट, आणि १६१ मीटरचं वर्तुळ पेन्सिलीने आखून. परवानगीचं पत्र मी पाठवलंय, उत्तर यायचंय. डब्यात भोवरे ठेवायचे की गोट्या यावर सध्या दोन घरांत दोन मतं आहेत, आणि आमच्या धाकटीचं तिसरं: पहिल्या डब्यातून आणलेला डायनोसॉर.